बटणावरचा १०३: जुन्या सैनिकी बटणाची ओळख आणि कालनिश्चिती

समजा तुमच्यासमोर मातीतून निघालेले धातूचे एक गोल बटण ठेवले आहे. रुंदी दोन सेंटिमीटरहून थोडी जास्त. मेटल डिटेक्टरने जागा दाखवली, कोणीतरी ते उकरून काढले आणि वरची माती झटकल्यावर मध्यभागी १०३ हा आकडा दिसला. हे बटण कोणाचे आणि कोणत्या काळातले, हे ठरवायचे आहे.

बहुतेक जण इंटरनेटवर '१०३ रेजिमेंट' असे टाकतात आणि जे पहिले नाव समोर येते ते बटणाला चिकटवून मोकळे होतात. या पाठात आपण तसे करणार नाही. आकडा हा एकच पुरावा आहे. धातू, घडण, पाठीवरचा मजकूर, मुकुट असल्यास त्याचा आकार आणि सापडण्याची जागा हे बाकीचे पुरावे आहेत. ते एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे म्हणजेच कालनिश्चिती. १०३ हा आकडा त्यासाठी मुद्दाम निवडला आहे, कारण तो चांगलाच फसवा आहे.

एक आकडा, तीन पलटणी

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश पायदळाच्या रेजिमेंटी त्यांच्या कर्नलच्या नावाने ओळखल्या जात. पुढे त्यांना क्रमांक मिळाले आणि १७६७ मध्ये हे क्रमांक बटणांवर घालण्याचा हुकूम निघाला. म्हणून ब्रिटिश पायदळाचे क्रमांक असलेले बटण १७६७ च्या आधीचे धरू नये. दुसऱ्या टोकाला १८८१ हे वर्ष आहे. त्या वर्षी युद्धमंत्री चिल्डर्स यांच्या सुधारणांनी क्रमांक काढून रेजिमेंटींना प्रदेशांची नावे दिली. या दोन वर्षांना आपण 'आधीची मर्यादा' आणि 'नंतरची मर्यादा' म्हणू. पुढचे सगळे काम या दोन मर्यादा एकमेकींच्या जवळ आणण्याचे आहे.

लहान क्रमांकाच्या रेजिमेंटी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. शंभराच्या पुढच्या क्रमांकांचे तसे नव्हते. युद्ध सुरू झाले की ते वाटायचे आणि तह झाला की पलटण मोडायची, असा प्रकार होता. १०३ हा क्रमांकही अठराव्या शतकात थोड्या थोड्या काळासाठी दिला आणि काढून घेतला गेला. पण बटणे हाती येण्याच्या दृष्टीने तीन पलटणी महत्त्वाच्या आहेत.

पहिली ब्रिटिश सैन्याची, नेपोलियनच्या काळातली. एका गॅरिसन बटालियनला १८०८ मध्ये १०३ हा क्रमांक मिळाला. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात १८१२ साली सुरू झालेल्या युद्धात ही रेजिमेंट कॅनडाच्या सरहद्दीवर लढली. जुलै १८१४ मध्ये ती लंडीज लेनच्या लढाईत होती. १५ ऑगस्टच्या पहाटे फोर्ट एरीवरच्या हल्ल्यात तिची दैना झाली. तिचा कर्नल हर्क्युलिस स्कॉट त्याच हल्ल्यात पडला. तह झाल्यावर थोड्याच वर्षांत ही पलटण मोडली.

दुसरी मुंबईची. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात गोऱ्या शिपायांची एक जुनी रेजिमेंट होती. १८५८ मध्ये कंपनीची सत्ता संपून राणीचे राज्य आले आणि १८६२ मध्ये कंपनीच्या नऊ युरोपीय पायदळ रेजिमेंटी ब्रिटिश सैन्यात घेतल्या गेल्या. त्यांना १०१ ते १०९ हे क्रमांक मिळाले. त्यातली १०३ म्हणजे रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स. १८८१ मध्ये मद्रासच्या १०२ शी तिची जोडी लावली आणि दोन्ही मिळून रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स झाल्या. मुंबई आणि मद्रासच्या पलटणींना आयर्लंडच्या राजधानीचे नाव! कारभाऱ्यांच्या टेबलावर असे जुगाड नेहमीच होतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याने गोंधळून जाऊ नये.

तिसरी आपल्या ओळखीची, मराठा शिपायांची. १७६८ मध्ये मुंबईत उभारलेली ही पलटण पुढे तिसरी बॉम्बे लाइट इन्फन्ट्री म्हणून ओळखली जात होती. १९०३ मध्ये सरसेनापती किचनर यांनी हिंदी सैन्याचे क्रमांक नव्याने लावले. मुंबईच्या पायदळाच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवायचे, असा साधा हिशेब होता. तीनाचे एकशेतीन झाले आणि नाव पडले १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री. पहिल्या महायुद्धात ही पलटण मेसोपोटेमियात होती आणि कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३ हा क्रमांक गेला आणि ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली. आजची 'जंगी पलटण' ती हीच.

म्हणजे एकाच आकड्याखाली ऑन्टारियोतला ब्रिटिश शिपाई, मुंबई सैन्यातला गोरा फ्युझिलियर आणि कूतच्या वेढ्यातला मराठा जवान असे तिघे उभे आहेत. शिवाय फ्रेंच पायदळही बटणांवर क्रमांक घालत असे. त्यामुळे बटण युरोपात सापडले असेल तर चौथा उमेदवारही विचारात घ्यावा लागतो.

धातू आणि हुद्दा

आता बटण हातात घ्या आणि आकड्याकडे क्षणभर दुर्लक्ष करा. ते राखाडी, मऊसर, वजनाने जड वाटणारे आहे की पिवळसर आणि टणक?

ब्रिटिश सैन्यात साध्या शिपायांची बटणे प्रदीर्घ काळ प्यूटरची, म्हणजे मुख्यतः कथील असलेल्या मिश्रधातूची होती. ती साच्यात ओतत. मागची कडी बटणाबरोबरच ओतलेली असे किंवा लोखंडी तारेचा वेटोळा आत रोवलेला असे. लोखंडी तार मातीत गंजून जाते आणि मागे तांबूस डाग किंवा दोन भोके उरतात. १८५५ मध्ये शिपायांचा जुना आखूड कोट जाऊन ट्यूनिक आला. त्याच सुमारास प्यूटरची बटणे जाऊन पितळेची आली.

अधिकाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बटणांवर रेजिमेंटच्या रिवाजाप्रमाणे सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा असे. अठराव्या शतकात धातूचा पातळ पत्रा हाडाच्या किंवा लाकडाच्या चकतीवर चढवून मागून तातीने शिवण्याची पद्धत होती. एकोणिसाव्या शतकात पूर्ण धातूची, दोन भागांची, थोडी फुगीर बटणे रूढ झाली. पुढचा आणि मागचा पत्रा कडेने दुमडून एकत्र दाबायचा, ही युक्ती बर्मिंगहॅमच्या बेंजामिन सँडर्स याच्या नावावर आहे. तिचा काळ १८१३ च्या सुमाराचा. म्हणून बटणाच्या कडेला दुमड दिसते का, हे भिंगाने जरूर पाहावे.

आता हे १०३ ला लावून पाहू. बटण प्यूटरचे, एकसंध ओतलेले आणि कडीसकट असेल तर १८६२ ची मुंबईची रेजिमेंट बाद होते, कारण तोवर प्यूटर गेले होते. १९०३ ची मराठा पलटणही बाद. उरतो कॅनडात लढलेला १०३, किंवा अठराव्या शतकातल्या अल्पजीवी पलटणी.

बटण पितळी आणि शिपायाचे असेल तर उत्तर आणखी नेमके मिळते. १८७१ मध्ये साध्या शिपायांच्या क्रमांकाच्या बटणांऐवजी बहुतेक पायदळाला एकच सरसकट नमुना देण्यात आला. त्यावर राजचिन्ह होते, क्रमांक नव्हता. अधिकाऱ्यांनी मात्र आपली रेजिमेंटची बटणे चालू ठेवली. याचा अर्थ, रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्सच्या शिपायाचे १०३ आकड्याचे पितळी बटण १८६२ ते १८७१ या नऊ वर्षांच्या चौकटीत बसते आणि अधिकाऱ्याचे १८६२ ते १८८१ च्या चौकटीत. एवढ्याशा धातूच्या चकतीला नऊ वर्षांची चौकट मिळणे ही मोठी गोष्ट आहे. त्याच काळातल्या मातीच्या खापरावरून इतके नेमके वर्ष सहसा सांगता येत नाही.

चिन्हे आणि मुकुट

फक्त आकडा न राहता सोबत चिन्ह असेल तर काम सोपे होते. फ्युझिलियर रेजिमेंटींचे चिन्ह ज्वाळा निघणारा हातबॉम्ब, लाइट इन्फन्ट्रीचे दोरीला टांगलेले बिगूल. १०३ सोबत बिगूल दिसले तर मराठा पलटणीचा विचार आधी करावा. नुसते बिगूल दिसून मात्र भागत नाही, कारण ब्रिटिश लाइट इन्फन्ट्रीचेही तेच चिन्ह. पुढचे दोन पाय वर करून मुकुट धरलेला सिंह दिसला तर ते ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह आहे. अशा बटणाचा उगम कंपनीच्या राजवटीतला, म्हणजे १८५८ च्या आधीचा समजावा.

मुकुट हा उत्तम पुरावा आहे, पण घाईने वापरला जातो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आल्यावर गोलाकार, वर उचललेल्या कमानींचा ट्यूडर मुकुट आला. दुसऱ्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत १९५३ पासून पुन्हा दबक्या कमानींचा मुकुट दिसतो. म्हणून दबकी कमान पाहून लगेच 'व्हिक्टोरियाकालीन' म्हणू नका. चकचकीत रंगीत अॅल्युमिनियमचे बटण असेल तर ते एलिझाबेथच्या काळातलेच. उलट, दबकी कमान असलेले बटण १९०३ च्या मराठा पलटणीच्या नावावर टाकणेही चूक ठरेल.

पाठ वाचायला शिका

हौशी लोक पुढची बाजू पाहतात. अभ्यासकाने आधी बटण उलटे करावे.

एकोणिसाव्या शतकात कारखानदार आपले नाव आणि गाव बटणाच्या पाठीवर गोलाकार उमटवू लागले. ब्रिटिश सैनिकी बटणांत लंडनचे फर्मिन आणि जेनेन्स, बर्मिंगहॅमचे गाँट ही नावे वरचेवर भेटतात. कारखान्याचा इतिहास ठाऊक असेल तर आधीची मर्यादा आपोआप मिळते. गाँट यांचा कारखाना १८८४ मध्ये सुरू झाला. त्यांचे नाव असलेले बटण रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्सच्या सेवाकाळातले असू शकत नाही, कारण ती रेजिमेंट त्या नावाने १८८१ मध्येच संपली होती. कंपनीच्या नावापुढचा 'लिमिटेड' हा शब्द किंवा त्याचे संक्षिप्त रूपही उपयोगी आहे. ब्रिटनमध्ये मर्यादित जबाबदारीचा कायदा १८५५ मध्ये झाला, त्यामुळे तो शब्द त्याआधीच्या बटणावर येणार नाही. दुकानाचा पत्ता दिला असेल तर आणखी चांगले, कारण कारखानदार जागा बदलत असत आणि त्या काळच्या छापील व्यापारी सूच्यांतून ते पत्ते वर्षवार तपासता येतात.

काही पाठींवर फक्त मुलाम्याची स्तुती असते: उत्तम, दुहेरी, तिहेरी मुलामा वगैरे. ब्रिटिश संसदेने १७९६ मध्ये मुलाम्याच्या बटणांबाबत कायदा करून असे शब्द कधी वापरता येतील याचे नियम घातले होते. आजच्या पाकिटांवर 'शुद्ध' लिहिण्याचे नियम असतात, तसाच हा प्रकार.

अक्षरे झिजली असतील तर ती घासून काढू नका. बटण आडवे ठेवून अंधाऱ्या खोलीत एका बाजूने, अगदी खालच्या कोनातून विजेरीचा प्रकाश टाका. सपाट दिसणाऱ्या पृष्ठावर सावल्या पडतात आणि अक्षरे उठून येतात. मोबाइलने चारही दिशांनी फोटो घ्या. व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजून ठेवा. कोटाचे बटण साधारण २० ते २५ मिलिमीटर असते, वेस्टकोटाचे, बाहीचे किंवा टोपीचे त्याहून लहान. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पूड यांपैकी काहीही लावायचे नाही. आपल्या घरी तांब्याचा तांब्या चकचकीत करण्याची सवय असते, पण बटणावरचा शेवटचा मुलामा आणि अक्षरांच्या कडा त्याच घासण्यात जातात. सुटी माती मऊ ब्रशने काढली की पुरे.

बटण तयार झाले केव्हा आणि हरवले केव्हा

वर मिळालेली वर्षे बटण घडल्याची किंवा गणवेशात चालू असल्याची आहेत. ते जमिनीत पडले ती तारीख वेगळी, आणि पुष्कळदा तीच आपल्याला हवी असते. जुने गणवेश विकले जात, मजूर ते घालत, बटणे उसवून दुसऱ्या कपड्याला लावली जात. इंग्लंडमध्ये लोकरीच्या चिंध्या खत म्हणून शेतात टाकण्याची पद्धत होती. त्या चिंध्यांबरोबर गणवेशांची बटणेही शेतात गेली. तिथल्या शेतात १०३ चे बटण मिळाले, म्हणून त्या शेतातून १०३ ची पलटण गेली असे म्हणता येत नाही.

म्हणूनच सापडण्याची जागा हा बटणाइतकाच मोठा पुरावा आहे. मेटल डिटेक्टरचे वेटोळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते आणि धातूने दिलेला प्रतिसाद टिपते. ते यंत्र 'इथे काहीतरी आहे' एवढेच सांगते. नेमकी जागा, खोली, शेजारी काय होते, मातीचा थर कोणता, हे नोंदवणे माणसाचे काम आहे. ते न करता बटण खिशात टाकले की निम्मा पुरावा तिथेच संपतो.

हेच यंत्र शिस्तीने वापरले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीचे आहे. जून १८७६ मध्ये तिथे कस्टरची घोडदळाची तुकडी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांकडून नेस्तनाबूत झाली. १९८३ मध्ये गवताला वणवा लागून जमीन उघडी पडली आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर घेऊन ओळीने ती पिंजून काढली. मिळालेली प्रत्येक गोळी, प्रत्येक काडतूस जागच्या जागी झेंडी लावून नकाशावर नोंदवले. काडतुसांवरच्या खुणांवरून एकेका बंदुकीचा मैदानातला प्रवास मांडता आला. खिशात जाणाऱ्या काडतुसांतून हे कधीच निघाले नसते.

दुसरे उदाहरण आपल्या पहिल्या १०३ च्या रणभूमीचे, फोर्ट एरीचे आहे. १९८७ मध्ये तिथे स्नेक हिल या भागात बांधकामाच्या वेळी १८१४ च्या वेढ्यातल्या सैनिकांच्या कबरी लागल्या. हाडांवरून माणूस कोणत्या सैन्याचा हे कळत नाही. गणवेशाची बटणे आणि इतर पुरावे, ते कोणत्या सांगाड्याजवळ कुठे होते या नोंदींसह, तपासल्यावर हे सैनिक अमेरिकन असल्याचे ठरले. १९८८ मध्ये २८ जणांचे अवशेष कॅनडाने अमेरिकेच्या स्वाधीन केले. कोणीतरी आदल्या वर्षी हौसेने ती बटणे वेचून नेली असती, तर मृतांना घरी पाठवायचे कुठे, हा प्रश्न सोडवणे फार अवघड झाले असते.

भारतात काय करावे

इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी घेऊन, संरक्षित स्थळे टाळून डिटेक्टर चालवता येतो आणि सापडलेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियमकडून चालवल्या जाणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये नोंदवण्याची सोय १९९७ पासून आहे. तिथले व्हिडिओ पाहून आपल्याकडच्या किल्ल्यावर यंत्र घेऊन जाण्याचा मोह होतो. तो टाळा. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीच्या कायद्याने संरक्षित जागी विनापरवाना उत्खनन हा गुन्हा आहे, आणि दोन इंच उकरणे हेही उत्खननच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. १०३ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटणांनीही आता शंभरी ओलांडली आहे, हे लक्षात घ्या.

घराचा पाया खणताना किंवा नांगरताना असे बटण आपोआप वर आले तर जागेचा फोटो आधी घ्या, खोली आणि तारीख लिहा, बटण कागदाच्या पाकिटात ठेवा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या वस्तुसंग्रहालयाला दाखवा. घरातल्या पेटीत आजोबा-पणजोबांच्या गणवेशाची बटणे असतील तर तो वेगळा, आनंदाचा भाग. त्यांच्यावर ही पद्धत आजच चालवून पाहता येईल.

स्वाध्याय

पुढील वर्णनावरून आधीची आणि नंतरची मर्यादा काढा, आणि प्रत्येक मर्यादा कोणत्या पुराव्यावरून मिळाली ते लिहा. पितळी, दोन भागांचे, फुगीर बटण, दर्शनी बाजूस राजचिन्ह आणि त्यावर गोल कमानींचा मुकुट, क्रमांक नाही, पाठीवर गाँट यांचे नाव आणि 'लिमिटेड'चे संक्षिप्त रूप. उत्तर काढताना १८५५, १८७१, १८८४ आणि १९०१ यांपैकी कोणते वर्ष निर्णायक ठरते आणि बाकीची तीन का मागे पडतात, ते दाखवा. नंतरच्या मर्यादेसाठी १९५३ लिहिण्याआधी एक गोष्ट विचारात घ्या: २०२२ मध्ये तिसऱ्या चार्ल्सने पुन्हा ट्यूडर मुकुटच निवडला आहे.